आधी तेलवाल्याला भेट

गिरड, ता. समुद्रपूर, जि. वर्धा
मृगाच्या तोंडावर

चि. छकुली हिस,


तुझी आई काल फोनवर सांगत होती, पोरगी नोकरीला लागून महिना नाही झाला अन् तोंड पाडून बसली आहे. कारण काय, तर सोबतच्या मुलांना नव्या ऑटोकोनरवर टाकलं, एकाला इलेक्ट्रॉनिक्सच्या पॅनलवर, आणि तुझ्या हातात दिली तेलाच्या खोलीची किल्ली. वरून डिझेलच्या टाकीचं रजिस्टर. "मामाला विचारा, त्यांनी जन्मभर तेच केलं" असंही तू म्हणालीस म्हणे. यात टोमणा किती आणि विनंती किती ते तुझं तुला ठाऊक. मी विनंती समजून लिहायला बसलो. पत्र उघडंच ठेवतो आहे. हिंगणघाट, जाम, समुद्रपूर या पट्ट्यात सूतगिरण्या आणि जिनिंग-प्रेसिंग कितीतरी, आणि प्रत्येक ठिकाणी तुझ्यासारखं कुणीतरी पिंपांपाशी उभं असणार. त्यांनी वाचलं तर वाचू दे.

तुला कमी प्रतीचं काम दिलं असं वाटत असेल तर एक आकडेवारी ऐक. १९६६ साली इंग्लंडात पीटर जोस्ट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला. कारखान्यांनी घर्षण, झीज आणि वंगण यांच्याकडे नीट लक्ष दिलं तर देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा तो हिशेब होता. त्यातली मेख पुढे आहे. या सगळ्या रकमेत वंगणाच्या खर्चातली बचत होती फक्त १ कोटी. दुरुस्ती आणि सुटे भाग यांच्यातली बचत २३ कोटी, मशीन बंद पडल्याने होणारं नुकसान टळून साडेअकरा कोटी, मशीनचं आयुष्य वाढून १० कोटी. म्हणजे तुझा परचेसवाला जेव्हा लिटरमागे चार रुपये वाचवले म्हणून मिरवेल, तेव्हा तो सगळ्यात लहान खिशात हात घालतो आहे हे लक्षात ठेव. मोठा खिसा तुझ्या किल्लीच्या कुलपामागे आहे.

आणि हा विषय आपल्या भागाला काल-परवा कळलेला नाही. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. पुढच्या दशकात बेझनजी दादाभाई मेहता मॅनेजर असताना तिथे रिंग स्पिंडलचे प्रयोग झाले, आणि तेही लँकेशायरचे मशीनवाले त्याला नाक मुरडत होते त्या काळात. ती रॅबेथच्या धाटणीची स्पिंडल होती. तिचं वैशिष्ट्य सुताइतकंच तेलात होतं. बेअरिंग तेल भरलेल्या बंद नळीत बसवलेलं, त्यामुळे उघड्या बेअरिंगला पुन्हा पुन्हा तेल सोडत फिरायची गरज उरली नाही आणि वेग वाढवता आला. आज तुझ्या रिंग फ्रेमवर स्पिंडल मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते, तिच्या बुडाशी अजूनही तीच कल्पना आहे. चमचाभर पातळ तेल, बंद नळीत. त्या तेलात रुईचा तूस गेला की स्पिंडल थरथरते, सूत तुटतं, आणि दोष कापसाला लावला जातो.

आता तुझ्या कामाकडे. पहिल्या आठवड्यात तू काय केलंस ते आईने सांगितलं: संगणकावर मोठा तक्ता, सगळी मशीनं, ग्रीस भरायचे सगळे निपल, रोजचे-आठवड्याचे चौकोन, सहीला रकाना. तक्ता चांगलाच असेल. पण तो केलास ऑफिसात बसून, मशीनच्या मॅन्युअलवरून. तुझ्या शिफ्टला एक ऑईलर, म्हणजे तेलवाला, असेल. असतोच. पन्नाशीच्या आसपासचा, खांद्यावर दुपट्टा, हातात कुप्पी, पगार खात्यात सगळ्यात कमी. तक्त्याआधी त्याला भेटायला हवं होतं. अजून वेळ गेलेली नाही.

त्याच्यासोबत एक अख्खी पाळी फीर. बोलू नकोस फार. कोणत्या निपलपाशी त्याचा हात पोचतच नाही ते बघ. प्रत्येक कारखान्यात असे दहा-पंधरा निपल असतातच, गार्डच्या मागे नाहीतर डक्टच्या वर, आणि रजिस्टरात त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं बरोबरची खूण असते. तो माणूस खोटारडा नाही. चालत्या मशीनचा गार्ड काढायची मनाई, मशीन थांबवायला उत्पादनवाले तयार नाहीत, आणि रकाना रिकामा दिसला की साहेब ओरडतो. मग खूण करण्यावाचून तो काय करणार? हातभर तांब्याची नळी टाकून तो निपल गार्डच्या बाहेर आणला की प्रश्न मिटतो. हे काम शंभर-दोनशे रुपयांचं आहे, पण ते सुचायला त्याच्यासोबत फिरावं लागतं.

म्हणून माझं ऐकशील तर त्या तक्त्यातल्या खुणा काढून टाक. खुणेऐवजी आकडा माग. "गिअरबॉक्सला तेल पाहिलं" असं नको, "अर्धा लिटर घातलं" असं लिहून घे. खूण कुणीही शिफ्ट सुटताना बसून भरू शकतो. आकडा खोटा लिहिला तर महिनाअखेरीस पिंपातल्या तेलाशी जुळत नाही. शिवाय आकड्याला पुढे जीभ फुटते. एखादी गिअरबॉक्स मागच्या महिन्यात अर्धा लिटर प्यायली आणि या महिन्यात दोन, तर तिचं सील गेलं आहे हे तुला व्हायब्रेशनच्या यंत्राआधी कळेल.

ग्रीसचंही तसंच. आपल्याकडे ग्रीस मारायचं माप म्हणजे "बाहेर येईस्तोवर". मोटारीच्या बेअरिंगला ते विष आहे. जास्तीचं ग्रीस आत घुसळलं जातं, बेअरिंग तापतं, सील फाटतं, ग्रीस वाइंडिंगवर जातं. साधं सूत्र आहे: बेअरिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, गुणिले रुंदी, गुणिले ०.००५, आलं उत्तर ग्रॅममध्ये. ६३१२ नंबरचं बेअरिंग घे, व्यास १३०, रुंदी ३१. उत्तर येतं वीस ग्रॅम. आता वीस ग्रॅम म्हणजे गनचे किती दाब? प्रत्येक गन वेगळी. कॅन्टीनच्या वजनकाट्यावर कागद ठेव, दहा दाब मार, वजन कर, दहाने भाग, आणि तो आकडा गनवर पेंटने लिही. ऑईलरला ग्रॅम सांगू नकोस, दाब सांग. आणि लिथियमची गन आणि पॉलियुरियाची गन वेगवेगळी ठेव. दोन जातींची ग्रीसं एकत्र आली की बऱ्याचदा पातळ होऊन वाहून जातात.

तेलाच्या खोलीत शिरलीस तेव्हा डझनावारी तऱ्हेची पिंपं दिसली असतील. प्रत्येक मशीनवाल्याने आपापलं नाव लिहून दिलेलं, कुणी सर्वोचं, कुणी कॅस्ट्रॉलचं, कुणी परदेशी, आणि परचेसने ते वर्षानुवर्षं तसंच मागवलेलं. नावं बाजूला ठेवून अंक बघ. ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल म्हणजे ४० अंश सेल्सिअसला ६८ सेंटिस्टोक घट्टपणा, दहा टक्के इकडे-तिकडे, मग कंपनी कोणतीही असो. अंक, तेलाची जात आणि मशीनवाल्याने घातलेल्या अटी लावून बघितलंस तर निम्मी पिंपं एकमेकांची जुळी निघतील. जितकी तेलं कमी, तितकी चुकीचं तेल पडायची शक्यता कमी. उरतील त्या प्रत्येकाला एक रंग दे: पिंपाला, कॅनला, नरसाळ्याला आणि मशीनच्या भरायच्या तोंडाला तोच रंग. वाचता न येणाऱ्या माणसालाही मग चुकायला जागा राहत नाही. उघडी बादली मात्र खोलीतून हद्दपार कर. सूतगिरणीच्या हवेत तूस तरंगतो, बादलीत तो पडतोच, आणि बादलीतून मशीनमध्ये.

पुढची गोष्ट घाईची आहे, म्हणून पत्र मृगाच्या आधी पोचावं असा माझा हट्ट. तुमच्या आवारात काही पिंपं उन्हात उभी आहेत, हे मी मागच्या वेळी फाटकातूनच पाहिलं. आपल्या वर्ध्या-नागपुराकडचा मे महिना तुला सांगायला नको, पारा ४५ च्या वर जातो. पिंपाचा पत्रा हात लावू देत नाही. आतली हवा फुगते, बुचाच्या सांध्यातून थोडी बाहेर जाते. मग एका संध्याकाळी पहिला पाऊस येतो. पिंपाच्या वरच्या कडेआड पाणी साचतं, बरोबर बुचाभोवती. पिंप थंड होतं, आतली हवा आकसते, आणि साचलेलं पाणी बुचातून आत ओढून घेतलं जातं. बूच घट्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, रोजच्या तापण्या-निवण्यात ते श्वास घेतच असतं. पिंपं छपराखाली आण. तेवढी जागा नसेल तर आडवी कर, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील अशी, म्हणजे आतून तेल बुचांवर राहील आणि बाहेर पाणी साचणार नाही. जुनं आधी काढायचं, नवं मागे लावायचं. पाणी गेलंय का याची शंका आली तर तापलेल्या लोखंडी तव्यावर तेलाचा एक थेंब टाक, दूर उभं राहून आणि डोळ्यांना चष्मा लावून. तडतडलं तर पाणी आहे. प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईपर्यंत ही देशी परीक्षा पुरते.

नवं तेल सीलबंद आलं म्हणजे स्वच्छ आलं असंही धरू नकोस. बेअरिंगमधला तेलाचा पापुद्रा काही मायक्रॉनचा असतो, डोळ्याला दिसतो तो कण साधारण चाळीस मायक्रॉनचा. खरं नुकसान करणारा कण डोळ्याला दिसतच नाही. हायड्रॉलिकच्या टाकीत भरताना फिल्टरच्या ट्रॉलीतूनच भर. ही ट्रॉली मंजूर करून घे, पहिल्या बजेटात दुसरं काही मागू नकोस.

आता डिझेल. यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण तेल चोरून कुणी घरी नेत नाही, डिझेल नेता येतं. आणि संशय नेहमी एकाच माणसावर येतो, रात्रपाळीच्या जनरेटरवाल्यावर.

मी ज्या एका कारखान्यात होतो तिथली गोष्ट सांगतो. नाव नको. टाकी उघड्यावर, ९९० लिटरची. तुझीही तितकीच असेल. हा विचित्र आकडा पेट्रोलियम कायद्यातून आला आहे. डिझेल 'ब' वर्गात येतं. एका जागी २,५०० लिटरपर्यंत साठा आणि एकही भांडं १,००० लिटरच्या वर नाही, तर परवाना लागत नाही. त्याहून मोठी टाकी हवी तर अर्ज पेसोकडे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे. देशभरच्या या खात्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, सेमिनरी हिल्सला, हे तुझ्या साहेबांनाही कदाचित ठाऊक नसेल. तर त्या कारखान्यात दुपारी चारला काठी बुडवून माप घ्यायचे आणि रात्रपाळीच्या ताब्यात द्यायचे. पहाटे परत माप. एकदा रात्रभर वीज गेली नाही, जनरेटर सुरूच झाला नाही, आणि सकाळी दहा-अकरा लिटर कमी. जनरेटरवाल्याला केबिनमध्ये बोलावलं. माणूस सभ्य, हात जोडून उभा. मॅनेजर पोलिसांचं नाव काढायला लागला.

डिझेल तापलं की फुगतं. एका अंशाला हजार लिटरमागे साधारण पाऊण-एक लिटर, नेमकं सांगायचं तर ०.८३. टाकीत ९०० लिटर डिझेल असेल आणि ते दुपारी पंधरा अंशांनी जास्त तापलेलं असेल, तर नुसत्या थंड होण्याने अकरा लिटर 'गायब' होतात. हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तो माणूस सुटला. माफी कुणी मागितली नाही, तो भाग वेगळा. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो: माप पहाटे घ्यायचं, रोज त्याच वेळी, दोघांच्या सह्यांनी, आणि तापमान शेजारी लिहायचं.

काठीवरही विश्वास ठेवू नकोस, ती आडव्या गोल टाकीत फसवते. समज टाकीचा व्यास ९० सेंटीमीटर आणि लांबी १५६. मध्याजवळचा एक सेंटीमीटर म्हणजे १४ लिटर. तळापासून पाच सेंटीमीटरवर तोच एक सेंटीमीटर साडेसहा लिटरही भरत नाही. सरळ रेषेच्या काठीने मोजलं की महिन्यातून दोनदा चोरी सापडते आणि दोनदा डिझेल आपोआप वाढतं. प्रत्येक सेंटीमीटरला किती लिटर याचा तक्ता तू तासाभरात काढशील, तुझ्या गणिताला ते काहीच नाही. तो लॅमिनेट करून टाकीवरच लटकव. जनरेटरच्या रजिस्टरात लिटरसोबत विजेची युनिटं लिही. चांगल्या लोडवर लिटरला साडेतीन युनिटच्या आसपास निघतात. खूप कमी लोडवर मोठा जनरेटर चालवला की हा आकडा पडतो. तिथे चोर नसतो, चुकीच्या आकाराचं मशीन असतं. हिशेब चोख ठेवायचा तो चोर पकडायला असं सगळे समजतात. मला तो गरिबावरचा आळ टाळायला जास्त उपयोगी पडला.

डिझेलवरून आठवलं. लहानपणी तू आपल्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला जाताना नारळासारखे, जायफळासारखे दगड वेचायचीस. व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, त्यांचा माल दगड झाला, मग शरण आल्यावर फकिराने सुक्या पानांतून नवा माल करून दिला, ही गोष्ट आजीने तुला किती वेळा सांगितली. भूगर्भवाले म्हणतात ते झिओलाइटचे गोळे आहेत. गंमत अशी की त्याच जातीचा, पण कारखान्यात बनवलेला झिओलाइट तेलशुद्धीकरणात जड तेलाचे मोठे रेणू फोडायला वापरतात, आणि त्यातून पेट्रोल-डिझेल निघतं. टेकडी आणि टाकी यांचं इतकं जवळचं नातं असेल असं आजीला सांगितलं असतं तर तिने मान हलवली असती आणि श्रेय बाबांनाच दिलं असतं.

काढलेल्या काळ्या तेलाचं थोडक्यात सांगतो, कारण यात पर्याय नाही. गावाकडे त्याला गिऱ्हाईक भरपूर. सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला नेतात, कुणी दाराच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून, कुणी बंडीच्या आखाला. मागायला येणारा ओळखीचाच असतो, नाही म्हणणं जड जातं. तरी नाही म्हण. त्यात धातू असतात, जळकी विषारी द्रव्यं असतात, आणि आवारातल्या नालीतून गेलं तर वणा नदी फार दूर नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत हे तेल येतं. नव्वद दिवसांच्या वर साठवायचं नाही, नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्यालाच द्यायचं, मॅनिफेस्टसकट, आणि वर्षाचा फॉर्म ४ प्रदूषण मंडळाकडे ३० जूनच्या आत. तारीख जवळ आली आहे, आधीच्या माणसाने भरला का ते उद्याच विचार.

गळतीला मात्र कागद लागत नाही, बोट दाखवायला माणूस लागतो. वेस्टच्या बेलिंग प्रेसखाली रुईचा ढीग टाकून तेल टिपलेलं तुला दिसेल. आधी तो ढीग उचल, तेलकट रुई ठिणगीची वाट पाहत असते. मग थेंब मोज. सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर, वर्षाला साडेसात पिंपं. हा हिशेब प्रेसवर खडूने लिहून ठेव. सील बदलायला मग कुणाची परवानगी अडत नाही.

राहिला ऑईलर. त्याने दाखवलेली प्रत्येक गळती, प्रत्येक न पोचणारा निपल, त्याच्या नावाने रजिस्टरात लिही. तुझ्या नावाने नको. महिन्याच्या मीटिंगमध्ये अशा नोंदींचा आकडा वाचून दाखव आणि त्याला दारात तरी उभा कर. जगात वंगण तंत्रज्ञ ही परीक्षा देऊन मिळवायची पात्रता आहे, आपल्याकडे तो हेल्परच्या खाली धरला जातो. त्याचं पद बदलायचं, पगार वाढवायचा, हे तुझ्या हातात आज नाही. पण सहा महिन्यांनी आकडे तुझ्या हातात असतील, आणि आकड्यांसह केलेली मागणी टोलवायला साहेबालाही कष्ट पडतात. ती मागणी तूच कर, एचआरची वाट बघू नकोस.

येत्या सुट्टीला गिरडला ये. टाकीचा आतला व्यास आणि लांबी मोजून आण, टेपने, मॅन्युअलमधून नको. सेंटीमीटरचा तक्ता आपण दोघं मिळून करू, आणि तुझ्या ऑईलरला सुट्टी असेल तर त्यालाही घेऊन ये. मला त्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

तुझा,
मामा